आम्हाला उडायचं नाही, निम्मं पाहिजे

बाईला देवी म्हणायला पैसा लागत नाही. बाईला निम्मा वाटा द्यायला मात्र खिशात हात घालावा लागतो. म्हणून या देशात देव्या मोप झाल्या आणि वाटणी तशीच राहिली.

दोस्तहो, मी हे चित्रांबद्दल लिहिते आहे. चित्र म्हणजे मुंबईच्या गॅलरीतलं नाही. कॅलेंडरवरचं, जत्रेतल्या तसबिरीचं, सिनेमाच्या पोस्टरवरचं, लेकरांच्या चित्रकथेतलं, आणि आता चौकाचौकात बांबूला टांगलेल्या फ्लेक्सवरचं. आपली माणसं अक्षर वाचायच्या आधी चित्र वाचायला शिकली. माझ्या मायला सही येत नव्हती, पण कुठलंही चित्र पुढं धरलं की ती सांगायची, ह्यो मालक, ह्यो शिपाई, ह्यो मार खाणारा. म्हणून चित्रात बाई कुठं उभी आहे आणि तिच्या हातात काय दिलंय, हा शोभेचा प्रश्न नाही. सरळ राजकारणाचा प्रश्न आहे.

आमचा अंबड तालुका, जिल्हा जालना. गेल्या वर्षी भीमजयंतीच्या आधी वस्तीतल्या आठवी-नववीच्या चार पोरींनी विहाराच्या मागच्या भिंतीवर एक बाई काढली. निळं लुगडं, कासोटा मारलेला. पदर पाठीमागं वाऱ्यावर, सिनेमातल्या हिरोच्या झग्यासारखा. एक मूठ पुढं. छातीवर अशोकचक्र. पायाखाली जमीन नाही. खाली बारकी बारकी घरं, एक हातपंप, एक लिंबाचं झाड. बाई उडत चाललेली.

जयंती कमिटीची पोरं आली. सगळी आपलीच, कुणाचा भाचा, कुणाचा पुतण्या. एक जण मला म्हणाला, "मावशी, ही विहाराची भिंत हाये का थेटर? बाई काढायचीच तर रमाईचं चित्र काढा म्हणावं. न्हाईतर सावित्रीमाईचं." चारातली सगळ्यात बारकी पोरगी मान वर न करता बोलली, "रमाईनं लई सोसलं. आमाला सोसणारी नाय काढायची."

कुणी काही बोललं नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी भिंतीला चुना मारला. समोरच्या बाजूला फ्लेक्स लागला. वर बाबासाहेब, कोपऱ्यात रमाई, खाली शुभेच्छुक. मी मोजले. एकेचाळीस चेहरे. मिशा न फुटलेले सुद्धा त्यात होते. बाई एकही नव्हती. जयंतीची वर्गणी मात्र घरोघर बायांनी दिली होती, खुरपणीच्या पैशातून.

त्या पोरीचं वाक्य मला वर्षभर टोचतं आहे. सोसणारी नको, हे तिचं खरं आहे. पण उडणारी हवी का? आणि उडणारी बाई आपल्याला नेमकं कुठं नेते?

पहिली उडणारी आपल्याकडे देवीच. अंबडला माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचं ठाणं आहे. नवरात्रात मोठी जत्रा भरते. १९५६ नंतर आमच्या घरानं देव टाकले, पण जत्रेतल्या तसबिरी लहानपणी डोळ्यांत बसल्या त्या बसल्याच. आठ हात, आठ हातांत आठ हत्यारं, पायाखाली राक्षस. एकाही हातात खुरपं नाही, भाकरीचं पीठ नाही, लेकरू नाही. आणि त्याच जत्रेतून घराकडं निघालेली जोडी बघा. नवरा देवीची तसबीर काखेत मारून पुढं, बायको डोक्यावर बोचकं आणि कडेवर पोरगं घेऊन मागं. तसबिरीतल्या बाईला आठ हात. चालणाऱ्या बाईला दोनच, आणि दोन्ही गुंतलेले.

१९७५ हे साल संयुक्त राष्ट्रांनी महिला वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. त्याच वर्षी 'जय संतोषी माँ' हा सिनेमा आला आणि गावोगाव बाया शुक्रवार धरायला लागल्या. त्या सिनेमातली सून सासरी छळ सोसते, आणि देवी येऊन तिला सोडवते. पण सासर तेच राहतं. चूल तीच राहते. देवी बाईला वाचवते, घर बदलत नाही. महिला वर्षात आपल्या बाईच्या वाट्याला काय आलं तर एक उपास.

मग सिनेमातली हंटरवाली. १९३५ साली वाडिया मुव्हीटोननं 'हंटरवाली' काढला. ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स, पडद्यावरचं नाव नादिया. तोंडावर बुरखा, हातात चाबूक, घोड्यावरून उडी, गुंडांना उचलून आपटणं. खालच्या तिकिटाच्या पब्लिकनं शिट्ट्या मारून थेटर डोक्यावर घेतलं. बाई मारते आणि पुरुष मार खातो, हे बघण्यात मजा होती, आणि ती मजा मी कमी लेखत नाही. पण हंटरवाली होती कोण? राजकन्या. अमेरिकेत १९४१ साली निघालेली 'वंडर वुमन' कोण? तीही राजकन्या. इंद्रजाल कॉमिक्समधला आपला वेताळ घ्या. त्याची गादी बापाकडून लेकाकडं, एकवीस पिढ्या. त्याची डायना कितीही हुशार असली तरी गादीवर बसणारा तोच.

दोस्तहो, जन्मानं मिळणारी शक्ती ही भाषा आपल्याला नवी नाही. इथं तिला वर्ण म्हणतात. काही जण जन्मतःच थोर, काही जण जन्मतःच वाचवून घेण्याच्या लायकीचे. सगळ्या महानायकांच्या गोष्टी याच पायावर उभ्या आहेत. त्यात पुरुषाच्या जागी बाई बसवली म्हणून पाया बदलत नाही. आपल्या चळवळीनं मांडलेलं नेमकं याच्या उलटं आहे. थोर कुणी जन्मत नाही. शिकल्यानं, संघटित झाल्यानं, लढल्यानं माणूस उभा राहतो, आणि एकट्यानं नाही.

१९७२ चा जुलै. अमेरिकेत 'मिज्' नावाचं स्त्रियांचं मासिक निघालं. त्याच्या मुखपृष्ठावर ही वंडर वुमन, घरांपेक्षा उंच, रस्त्यावरून ढांगा टाकत चाललेली. तिकडच्या बायांना त्या चित्रानं बळ दिलं असेल, त्यांच्या लढ्याबद्दल मला आदर आहे. त्याच साली आमच्याकडं काय चाललं होतं? दुष्काळ. अख्खा मराठवाडा खडी फोडत होता. माय सकाळी हातोडी घेऊन रस्त्याच्या कामावर जायची. मी तिच्याबरोबर. बोटांना चिंध्या बांधलेल्या, पदर तोंडावर ओढलेला, नाकात खडीची धूळ. मस्टरवर तिचं नाव नव्हतं, अमक्याची बायको असं लिहिलेलं. अमेरिकेतून आमच्यापर्यंत आली ती लाल मिलो. भाकरी थापताना तिला चिरा पडायच्या. ती ढांगा टाकणारी बाई काही आली नाही. आली असती तरी काय केलं असतं? एका दमात सगळी खडी फोडून दिली असती. आणि मग सगळ्या बायांची हजेरी बुडाली असती. मायला खडी फोडून देणारी नको होती. मस्टरवर नाव पाहिजे होतं.

त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर पक्षाचं. तो पक्ष १९६६ च्या ऑक्टोबरात निघाला; त्याच्या काही महिने आधी तिथल्या एका चित्रकथेत याच नावाचा काळा महानायक आला होता. त्या नायकावरचा सिनेमा २०१८ साली आला तेव्हा आमच्या वस्तीतल्या पोरांनी मोबाईलवर कितीदा पाहिला, मोजदाद नाही. त्यात राजाच्या रक्षणाला भालेवाल्या बायांची फौज आहे. ही नुसती कल्पना नव्हे. पश्चिम आफ्रिकेत डाहोमी राज्यात बायांची खरीखुरी फौज होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांशी लढली. आमची पोरं त्या बायांसाठी टाळ्या पिटतात. मला आनंद वाटतो. पण वाकांडातल्या बाईला टाळी आणि घरातल्या बहिणीला "तू मिटिंगला येऊन काय करणार", हे कसं चालेल? १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित कोण, याची यादी आहे. त्यात अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन यांच्यासोबत स्त्रियाही आहेत. बाई यादीत होती. कमिटीत किती होती, ते आपापल्या गावी मोजा.

आता भारतातली महानायिका. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर २०१४ साली 'प्रियाज् शक्ती' नावाची चित्रकथा निघाली. बलात्कार सोसलेली खेड्यातली प्रिया, पार्वतीच्या मदतीनं उठते, वाघावर बसून गावात परत येते. लाज तिची नाही, करणाऱ्याची आहे, असं ती चित्रकथा सांगते. चांगलं सांगते. पण माझं मन दुसऱ्या एका नावाकडं जातं. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी, जिल्हा भंडारा. सुरेखा भोतमांगे आणि तिची शिकणारी लेक प्रियांका. सोबत सुधीर आणि रोशन. सुरेखा वाघावर बसली नव्हती. तिनं दोनच गोष्टी केल्या होत्या. जमीन सोडली नाही, आणि मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली. कुठली पार्वती आली? आरोपींना शिक्षा झाल्या, पण अॅट्रॉसिटीचं कलम कोर्टात टिकलं नाही. दिल्लीनंतर देशाला महानायिका सुचली. खैरलांजीनंतर आपल्या माणसांना रस्त्यावर उतरून लाठ्या खाव्या लागल्या.

यात चित्रकथेची एक अडचण आहे. तिला राक्षस लागतो. एक तोंड, एक नाव, ज्याच्यावर मूठ हाणता येईल. खैरलांजीत राक्षस एक नव्हता, गाव होतं. १९७८ ला नामांतरावरून मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या, तेव्हा लेकरांना उराशी धरून रानात रात्र काढणाऱ्या बायांनी मूठ कुणावर उगारायची होती? जात नावाच्या राक्षसाला तोंड नाही. आणि घरातल्या पुरुषी सत्तेला तर आपण प्रेमानं बाबा, दादा, मालक म्हणतो.

इथं मी रमाईकडं येते, जपून येते. रमाई आमची माय आहे. पाच लेकरांतली चार तिनं गमावली. गोवऱ्या थापून संसार ओढला. १९३५ च्या मे महिन्यात गेली. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा ग्रंथ तिला अर्पण केला. तिच्या तसबिरीपुढं मी रोज मेणबत्ती लावते. पण त्या तसबिरीचा वापर आपण कशासाठी करतो? जयंतीच्या स्टेजवरून वक्ता पोरांना सांगतो, बाबासाहेबांसारखं शिका. पोरींना सांगतो, रमाईसारखा त्याग करा. म्हणजे कोट, पुस्तक आणि वर उचललेलं बोट पोरांना. पदर आणि त्याग पोरींना. हे बाबासाहेबांनी सांगितलं नव्हतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, आणि त्याच परिषदेत त्यांनी बायांना नीटनेटकं नेसायला, लेकी शिकवायला सांगितलं. १९४२ च्या जुलैत नागपूरला बायांच्या परिषदेत त्यांनी सांगितलं, नवऱ्याच्या बरोबरीनं, मैत्रिणीसारख्या उभ्या राहा, गुलाम होऊ नका. १९५१ ला मंत्रिपद सोडलं, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिलाचा बळी हे मोठं कारण होतं. बायांच्या हक्काच्या कायद्यासाठी खुर्ची सोडणारा माणूस बायांना नुसता त्याग कसा शिकवील?

सोसणारी माय आणि उडणारी वीरांगना यांच्यात मला आता फार फरक दिसत नाही. दोघींबद्दल एकच गोष्ट सांगितली जाते. तिला झेपतं. तिच्यात शक्ती आहे. आणि जिला झेपतं तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवायला कुणाला संकोच वाटत नाही.

आमच्या अंबड-घनसावंगी भागातून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, चार हात, हिशोबात कोयता एक. उचल नवऱ्याच्या हातात. बाई पहाटे तीनला उठते, भाकरी थापते, फडात नवऱ्याच्या बरोबरीनं राबते, मोळ्या बांधते, फळीवरून चढून ट्रॉलीत टाकते, रात्री परत चूल. आठ मार्चला पेपरात तिचाच फोटो येतो, डोक्यावर मोळी, खाली छापलेलं असतं नारीशक्ती. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात सरकारनं ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली. तेरा हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड बसतो. पोटात दुखलं तरी थांबता येत नाही. दवाखान्यात गेलं तर पिशवीच काढून टाका म्हणतात. ही तुमची शक्ती. फोटोतल्या बाईला विचारा, तुला उडायचंय का. ती म्हणेल, बाई, मला एक दिवस निजायचंय, आणि माझी उचल माझ्या हातात पाहिजे.

मोठ्या लोकांतही हेच चालतं. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी याच वंडर वुमनला स्त्रियांच्या सबलीकरणाची मानद राजदूत केलं. त्याच वर्षी तिथल्या सरचिटणीसाच्या जागेसाठी चांगल्या सात बाया उभ्या होत्या. निवड झाली पुरुषाची. खुर्ची पुरुषाला, पोस्टर बाईला. तिथल्याच कर्मचाऱ्यांनी आरडाओरड केली आणि दोन महिन्यांच्या आत ते राजदूतपद गुंडाळलं. बघा, आमच्या वस्तीतला फ्लेक्स आणि न्यूयॉर्कचं पोस्टर एकाच कारखान्यातलं आहे.

मग पोरींनी काय काढायचं? मी त्यांना तीन बाया सांगितल्या.

पहिली मुक्ता साळवे. मांगाची पोर, जोतिबा-सावित्रीच्या शाळेत शिकणारी, वय चौदाच्या आसपास. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. वेद ब्राह्मणांचे, तर मग आमचा धर्म कोणता, असं त्या पोरीनं सगळ्या शास्त्र्यांना विचारलं. हातात हत्यार नाही, बोरू. पाठीमागं शाळा. पोरींना मी म्हणाले, तिचा चेहरा तुम्हीच काढा. तुमच्यातलीच एक समोर बसवा आणि काढा.

दुसरी, एक नव्हे, हजारो. नागपूरची १९४२ ची परिषद, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. त्या बायांनी ठराव केले ते घटस्फोटाच्या हक्काचे, बहुपत्नीत्व बंद करण्याचे, गिरणीतल्या बायांच्या रजेचे. नागपूरला बाबासाहेब मधोमध आणि भोवती बाया, असा एक जुना फोटो तुम्ही पाहिला असेल. पोस्टरवर तो छापतात तेव्हा बाबासाहेबांचं नाव छापतात, बायांची नावं नाहीत. १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लेकरं कडेवर घेऊन तुरुंगात गेलेल्या बाया तर फोटोतही नाहीत. त्यांची चित्रं काढायची असतील तर आपापल्या आज्यांना विचारावं लागेल.

तिसरी शांताबाई कांबळे. शाळामास्तरीण. तिनं आपल्या आत्मकथेचं नाव ठेवलं 'माज्या जल्माची चित्तरकथा'. ज्याला पोरं कॉमिक म्हणतात त्याला मराठीत चित्रकथाच म्हणतात. या बाईनं तो शब्द आपल्या तोंडातला करून घेतला, आणि त्यात उडणं नाही. भूक आहे, शाळा आहे, नोकरी आहे, सोडलेला नवरा आहे. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून आलं तेही त्याच १९८६ साली. त्यांनी ते कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. लपवावं लागलं, यातच आपल्या चळवळीच्या घरातली गोष्ट आली.

आणि चित्र कसं काढायचं, तेही आपल्याच माणसांनी दाखवलंय. २०११ ला 'भीमायन' निघालं, बाबासाहेबांची चित्रकथा. ती काढली परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या जोडीनं. माणसं चौकोनात कोंडायची नाहीत म्हणून त्यांनी चौकटी टाकल्याच नाहीत. बायको आणि नवरा, दोघांची नावं मुखपृष्ठावर. निम्मं निम्मं. बघा, होतं असं.

हे ऐकून ती बारकी पोरगी म्हणाली, "मावशी, मुक्ताला काढते. पण पदर वाऱ्यावर ठेवते." मी म्हणाले, ठेव. पदर वाऱ्यावर असू दे, पाय जमिनीवर काढ. सातबाऱ्यावर तुझं नाव लागायचं आहे ते याच जमिनीच्या.

कार्यकर्त्या पोरांनो, तुम्हाला माझं सांगणं एवढंच. बहिणीला वाघीण म्हणू नका, तिला कमिटीची खजिनदार करा. पावतीपुस्तक तिच्या हातात द्या. जिची वर्गणी, तिचं नाव यादीत, तिच्या स्वतःच्या नावानं. मुकादमापुढं उचल घ्यायला जाल तेव्हा तिची निम्मी तिच्या हातात ठेवा आणि सही तिची घ्या. जयंतीच्या दिवशी पोरी स्टेजवर गाणं म्हणतात, तेव्हा दोन हजार लोकांचा स्वयंपाक कोण करतं ते मागं जाऊन बघा, आणि बाह्या सरसावून कणीक मळायला बसा. यानं कुणी उडणार नाही. पण एक बाई थोडी खाली बसेल, पाय लांब करील, पाणी पिईल.

या १४ एप्रिलचा फ्लेक्स छापायला टाकायच्या आधी चेहरे मोजा. कमिटीची मिटिंग पौर्णिमेला आहे. पोरी येणार आहेत. खुर्च्या निम्म्या मोकळ्या ठेवा.

जय भीम.